दोर्दोन्य, भाड्याची क्लिओ आणि आम्ही दोघी : प्रकल्प नोंदी

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दोर्दोन्य नदीचं खोरं आहे. तिथे आठवडाभर भाड्याची गाडी स्वतः चालवायची, एवढाच हा प्रकल्प. माणसं दोन, मी आणि वंदना. दोघी नाशिकच्या, दोघी पन्नाशीच्या पुढच्या. मी वॅगनआर चालवते, ती आय-ट्वेंटी. दोघींनाही फ्रेंच येत नाही. ती शाकाहारी, मी नाही. युरोला ९० रुपये धरून हिशेब केलाय. कुठे काय बघितलं यापेक्षा कुठे पैसे आणि वेळ गेला तेच जास्त लिहिलंय, कारण निघण्यापूर्वी मला तेच कुणी सांगितलं नव्हतं.

१२ मार्च २०२४

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा अर्ज परिवहनच्या साइटवर भरला. फी १,००० रुपये. मग पेठ रोडच्या आरटीओत दोन खेपा झाल्या. दुसरी खेप माझ्याच चुकीमुळे, पासपोर्टची झेरॉक्स नेली होती पण मूळ पासपोर्ट घरीच राहिला. हा परवाना वर्षभरच चालतो आणि आपलं नेहमीचं लायसन्स सोबत असल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दोन्ही न्यायची.

वंदनाचा पहिला प्रश्न होता, "गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक?" ऑटोमॅटिकला आठवड्याचे १५० युरो जास्त पडत होते. "आयुष्यभर गिअरच टाकलेत की," असं म्हणून मी गिअरची घेतली. ही चूक क्रमांक एक, पण कळायला वेळ लागला.

१ मे

सामान. तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप त्यातच आलं. वंदनाने बरणी भरून ठेवली होती, ती फ्रीजमध्ये परत गेली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

४ मे, शनिवार. बोर्दो

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने बोर्दोला दोन तासांच्या थोडं वर लागले. गाडी स्टेशनजवळच घ्यायची होती. काउंटरवर ११.४० ला पोचलो आणि रस्त्याला लागलो १.२५ ला. मधल्या पावणेदोन तासांचा हिशेब असा.

बुकिंग माझ्या नावावर होतं. डिपॉझिटसाठी त्यांना क्रेडिट कार्ड लागतं, तेही मुख्य चालकाच्याच नावाचं. माझ्याकडे डेबिट आणि फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड वंदनाचं. मग तिला मुख्य चालक केलं आणि मी दुसरी चालक झाले. दुसऱ्या चालकाचे दिवसाला १२ युरो, म्हणजे ८४ गेले. ते तसेही द्यायचेच होते, पण कागद पहिल्यापासून पुन्हा.

मग तिचं कार्ड चालेना. १,२०० युरो अडकवून ठेवायचे होते, म्हणजे १ लाख ८ हजार. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातल्या वापराची मर्यादा ५० हजारांवर ठेवलेली. स्टेशनच्या वायफायवर ती वाढवायला गेलो तर ओटीपी तिच्या भारतातल्या नंबरवर, आणि रोमिंग घेतलेलं फक्त माझ्या फोनला. स्टेशनातल्याच बाकावर बसून तिचं रोमिंग सुरू केलं. नाशिकमधून निघायच्या आधी करायचं काम: कार्डाची मर्यादा वाढवा, आणि ओटीपी येणारा फोन परदेशात चालू राहील असं बघा.

काउंटरवरच्या मुलाने दिवसाला १९ युरोत नुकसानीची सगळी जबाबदारी माफ करणारा विमा सुचवला. मी नको म्हटलं. सात दिवसांचे १३३ युरो वाचवले. चूक क्रमांक दोन, हिचा हिशेब खाली येईलच.

गाडी रेनो क्लिओ, पेट्रोल, पांढरी. पार्किंगमधून बाहेर काढायला रिव्हर्स लागेना. वॅगनआरला दांडा उजवीकडे नेऊन खाली ओढला की रिव्हर्स. इथे दांड्यावर चित्र होतं, तसा ओढला तर गाडी पुढच्या भिंतीकडेच सरकली. तीनदा. शेवटी वंदनाने दांड्याच्या मुठीखाली बोटं घातली तेव्हा तिथे एक कडी लागली. ती बोटांनी वर उचलून धरायची आणि मग दांडा सरकवायचा. ही कडी कुठल्याही चित्रात नव्हती.

आता हातांचं. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताला. तीस वर्षांची सवय अशी की क्लच दाबला की डावा हात आपोआप जातो, आणि तो दाराच्या हँडलवर आपटतो. पहिल्या दिवशी मी दाराला किती वेळा हात मारला याची मोजदाद वंदनाने ठेवली होती, ३१ वर सोडून दिली. इंडिकेटरही आपल्या गाड्यांत उजव्या हाताला, इथे डाव्या. त्यामुळे वळायचं असलं की वायपर सुरू. कोरड्या काचेवर वायपर करकरत होता आणि मागचा माणूस आम्ही कुठे वळणार याचा अंदाज बांधत होता.

महामार्ग नको म्हणून डी ९३६ हा जिल्हा रस्ता धरून बर्जराकला, पुढे नदीच्या कडेने. बोर्दो सोडलं की द्राक्षमळेच द्राक्षमळे. वंदनाचं माहेर पिंपळगावचं, बागाईतदार. गाडी थांबवायलाच लावली. "अगं, ही काय बाग आहे? कमरेएवढी!" आपल्याकडे खायच्या द्राक्षांचा मांडव डोक्यावर असतो, माणूस खालून चालतो. इथे वाइनच्या वेली कमरेच्या उंचीला तारेवर बांधलेल्या, रांगा अरुंद, ओळीतून जाईल असा उंच पायांचा ट्रॅक्टर वरून फिरतो. तिने एका फुटव्यावरचे घोस मोजले, माती चिमटीत घेतली आणि म्हणाली, "खरड छाटणीचं टेन्शन यांना नाही." (आपल्याकडे उन्हाळ्यात वेल खरडून करतात ती छाटणी.) वीस मिनिटं गेली. ती मी वाया गेलेल्या वेळात धरत नाही.

४ मे, रात्र

गावाकडचं आठवड्याने भाड्याला मिळणारं घर, त्याला तिथे 'जीत' म्हणतात. आमचं व्हेझाक गावाच्या बाजूला होतं. आठवडा शनिवार ते शनिवार, भाडं ५२० युरो. आणि पहिल्याच रात्री जीतमध्ये हार: चादरी नाहीत. गाद्या, उशा, ब्लँकेटं सगळं होतं, पण चादरी, अभ्रे, टॉवेल आपले आणायचे किंवा आधी सांगून भाड्याने घ्यायचे. जाहिरातीत एका ओळीत लिहिलं होतं, मी भाषांतर करून वाचलंही होतं, पण 'लिनन'चा अर्थ टेबलक्लॉथ असा घेतला. घरमालकीणबाई शेजारीच राहायच्या. त्यांनी माणशी १२ युरोत संच दिले. शेवटच्या साफसफाईचे ६० वेगळे, स्वतः केली तर नाही. आम्ही स्वतः केली.

५ मे, रविवार

दिवसभर फक्त सराव करायचा असं ठरवलं, आणि हा निर्णय बरोबर ठरला. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात. ला रोक-गाजाक, बेनाक, कास्तेलनो हा २५-३० किलोमीटरचा फेरा आम्ही आलटूनपालटून दोनदा मारला.

उजव्या बाजूने गाडी चालवणं सरळ रस्त्यावर अवघड नाही. समोरून गाडी येत असली की आपण आपोआप बरोबर बाजूला जातो. धोका रिकाम्या रस्त्यावर, आणि पेट्रोलपंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना. तिथे हात जुन्या वळणावर जातात. वंदनाने एक खूण काढली: चालकाने कायम रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ असायचं, फुटपाथजवळ नाही. भारतातही तसंच असतं, पण तिथे आपण कधी विचार करत नाही. ही चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवली: 'रेषा माझ्या कुशीत'.

बेनाकचा किल्ला उत्तर काठावर, कास्तेलनोचा दक्षिणेला, एकमेकांच्या डोळ्यांसमोर. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे, दुसरा इंग्रजांकडे होता. पण खाली पाण्यात बघितलं तर नव्या पुलाचे काँक्रीटचे खांब दिसतात, वर पूल नाही. बेनाक टाळून जाणारा रस्ता होणार होता. २०१८ च्या शेवटी कोर्टाने काम थांबवलं, पुढे सगळं पाडून टाकायचाही हुकूम झाला. खांब मात्र उभे. "आपल्याकडचंच वाटतंय," असं म्हणून वंदनाने फोटो काढला. किल्ल्यांचे तिने दोन काढले, खांबांचे पाच.

दुपारी दोमच्या चढावर माझी गाडी तीनदा बंद पडली. टेकडीवर १२८१ साली वसवलेलं तटबंदीचं गाव ते, रस्ता चढा आणि वळणाचा. समोर दगडी वेस, मागे जर्मन नंबरप्लेटची गाडी. उजव्या हाताने पहिला गिअर घालून अर्ध्या क्लचवर उठवायचं, तेवढ्यात डावा हात दाराकडे. १५० युरो देऊन ऑटोमॅटिक घ्यायला हवी होती हे तिथे कबूल केलं. वंदना म्हणाली, "मोठ्याने म्हण." म्हटलं.

६ मे, सोमवार

आजची नोंद मोठी आहे, कारण आज आम्ही मेलोच होतो.

सार्ला शहराच्या बाहेर एका वस्तीतून मी सरळ, आपल्या मोठ्या रस्त्याने चालले होते. उजव्या हाताच्या गल्लीतून एक छोटी व्हॅन न थांबता, न बघता बाहेर आली. ब्रेक लागला. हातभर अंतर उरलं. व्हॅनवाल्याने हॉर्नही दिला नाही, नुसतं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. मला वाटलं, काय माणूस आहे! चूक माझी होती.

तिथला नियम असा: चौकात दुसरी काही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग त्याची गल्ली कितीही बारीक असो. मोठा रस्ता, छोटा रस्ता हा भेद नाही. आपल्याला ओळखायची मुख्य खूण म्हणजे पांढऱ्या कडेचा पिवळा, कोनावर उभा केलेला चौकोन. तो हुबेहूब शंकरपाळीसारखा दिसतो. शंकरपाळी दिसली की तुमचा रस्ता पहिला. तीच शंकरपाळी काळी काट मारलेली दिसली की तुमचा मान संपला, आता प्रत्येक उजव्या गल्लीकडे बघत जायचं. गावात शिरताना ती बऱ्याचदा संपते. लाल त्रिकोणात काळी फुली असली तर पुढच्या चौकात उजवीकडच्याचा हक्क. मोठ्या गोल चौकात मात्र उलट, आत फिरणारा पहिला. आणि फिरायचं घड्याळाच्या उलट.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. चालवणारीने फक्त रस्ता बघायचा, शेजारचीने फलक वाचून मोठ्याने सांगायचे. "शंकरपाळी आहे." "शंकरपाळी गेली, उजवीकडे बघ." आठवडाभर गाडीत हेच पारायण चालू होतं. याने अपघात टळले हे खरं, पण गप्पा मात्र झाल्या नाहीत.

वेगाचंही याच यादीत. लाल कडेची गावाची पाटी आली की ५० सुरू, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. गावाच्या नावावर तिरकी काट असलेली पाटी आली की ५० संपले. मधल्या दुपदरी रस्त्यांना २०१८ पासून ८०, काही जिल्ह्यांनी परत ९० केलेत.

मोंतिन्याकला २ वाजून १० मिनिटांनी पोचलो. जेवण संपलं होतं. स्वयंपाकघर १२ ते २, त्यानंतर कॉफी मिळेल. बेकरी सोमवारी बंद. किराणा दुपारपुरता बंद. गाडीत मेतकूट होतं पण भात नव्हता. कालची अर्धी पाव-लाठी आणि दोन केळी यावर लास्को, म्हणजे आदिमानवाच्या चित्रांची गुहा, बघितलं. यावर उपाय पहिल्या दिवसापासून करा: सकाळी ११ च्या आत पाव, चीज, टोमॅटो, फळं गाडीत हवीत.

लास्कोची मूळ गुहा बघायला मिळत नाही. १९४० च्या सप्टेंबरात चार पोरांना सापडली, लोकांसाठी उघडली, आणि माणसांच्या श्वासाने भिंतींवर हिरवं शेवाळ धरू लागलं म्हणून १९६३ साली बंद झाली. आता २०१६ साली झालेली पूर्ण प्रतिकृती दाखवतात. नक्कल बघायला एवढ्या लांब यायचं का, असं मला वाटत होतं. आत गेल्यावर वाटलं नाही. भिंतीचा फुगवटा जिथे आहे तिथेच बैलाचा खांदा काढलाय, म्हणजे चित्रकाराने आधी दगड हाताने चाचपला असणार. आत गार असतं, स्वेटर न्या. आमचे गाडीतच राहिले होते.

७ मे, मंगळवार

रोकामादूर. कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र, वर जायला २१६ पायऱ्या. पूर्वी यात्रेकरू गुडघ्यांवर चढायचे. वंदनाने सप्तशृंगीच्या पायऱ्यांशी तुलना केली आणि "यात काय एवढं," म्हणत चढली. खाली आल्यावर तासभर बसून होती. तिथलं शेळीच्या दुधाचं चपटं गोल चीज तिला फार आवडलं. सहा विकत घेतली.

दोन चुका. जाताना नदीकाठच्या एका छोट्या गावात कॉफीला थांबलो. गाडी लावली तिथे जमिनीवर निळे पट्टे होते. मशीन नाही, तिकीट नाही, म्हणजे फुकट असं आम्ही ठरवलं. फुकट होतंच, पण निळ्या पट्ट्यात आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. परत आलो तर वायपरखाली कागद. दंड ३५ युरो, नोटीस मागाहून. चकती तंबाखूच्या दुकानात तीन युरोला मिळाली, ती आता नाशिकच्या फ्रीजवर लावलीय.

दुसरी चूक महागातली. परतताना नकाशाने सात मिनिटं वाचवणारा रस्ता दाखवला आणि मी वळले. डांबर संपत गेलं, दोन्ही बाजूंना छातीएवढे दगडी गडगे, गाडीच्या रुंदीपेक्षा जेमतेम दोन हात जास्त. आणि समोरून ट्रॅक्टर. त्याच्यामागे गवताचे गोल भारे. तो मागे जाणार नव्हता. मी कडी उचलली, रिव्हर्स टाकला, आणि जवळजवळ तीनशे मीटर मागे गेले. वंदना खाली उतरून मागे चालत हात करत होती. तिच्या दृष्टीने 'उजवीकडे' म्हणजे तिची उजवी, माझ्या दृष्टीने माझी. उजव्या आरशाचं कवच गडग्याला घासलं, मग दार. कर्र असा आवाज आला तो अजून कानात आहे. ट्रॅक्टरवाल्याने उतरून ओरखड्यावर अंगठा फिरवला, काहीतरी समजुतीचं बोलला आणि गेला.

उपाय: नकाशात 'डी' आणि आकडा असलेल्या रस्त्यांवरच राहायचं. बिनआकड्याचा रस्ता कितीही जवळचा दाखवला तरी नको. आणि मागे घेताना डावं-उजवं न म्हणता 'तुझ्या दाराकडे' आणि 'माझ्या दाराकडे' म्हणायचं.

रात्री सार्लात जेवायला. वंदनासाठी बटाटे मागवले. फोनवर भाषांतर करून 'मांस आहे का' विचारलं, नाही म्हणाला. लसूण-पार्स्लीत परतलेले खमंग बटाटे, तिने अर्धी थाळी संपवली. मग मेन्यूतलं वर्णन मी सावकाश भाषांतरात घातलं. सार्लाचे बटाटे बदकाच्या नाहीतर हंसाच्या चरबीतच परततात. मांस नव्हतं हे खरंच होतं. वंदना बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "चव चांगली होती, हेच वाईट झालं." पुढे एक वाक्य कागदावर लिहून ठेवलं: 'सां ग्रेस द कनार', बदकाची चरबी नको.

८ मे, बुधवार

सुट्टी. दुसरं महायुद्ध युरोपात संपल्याचा दिवस. उद्या गुरुवारीही सुट्टी, येशूच्या स्वर्गारोहणाची. आणि शुक्रवारी कित्येक जण रजा टाकतात. हे कॅलेंडर मी जाण्यापूर्वी बघितलं नव्हतं.

पेट्रोल पाव टाकीच्या खाली. सुपरमार्केटचा पंप स्वस्त असतो आणि सुट्टीतही चालतो, फक्त माणूस नसतो. कार्ड घालून स्वतः भरायचं. वंदनाने पिवळी नळी उचलली. तिच्यावर 'गाझोल' लिहिलेलं, तिला वाटलं गॅसोलीन. गाझोल म्हणजे डिझेल! नळीच टाकीच्या तोंडात जाईना म्हणून वाचलो, डिझेलची नळी जाड असते. झाकणाच्या आत गोलात 'ई १०' लिहिलेलं होतं, तेच पंपावर शोधायचं. पेट्रोलची नळी हिरवी.

मग कार्ड. माझ्या फॉरेक्स कार्डात ११० युरो होते आणि भरायचं होतं ५० चं. मशीन नाही म्हणे. दोन पंप बदलले. तिसऱ्या ठिकाणी एका आजोबांनी खुणांनी समजावलं: मशीन भरण्यापूर्वीच मोठी रक्कम, दीडशेपर्यंत, अडकवून बघतं, कार्डात तेवढी नसेल तर पंप सुरूच होत नाही. वंदनाचं क्रेडिट कार्ड घरी कपाटात. १९ किलोमीटर घरी, परत १४. दीड तास. तेल काही पाण्यासारखं स्वस्त नव्हतं: ई १० लिटरला १.८७ युरो, १६८ रुपये.

९ मे, गुरुवार

पाऊस. सगळं बंद. घरात बसून तूप कढवलं.

लोणी बुधवारी सकाळी अर्धवट उघड्या दुकानातून घेतलं होतं, २५० ग्रॅमच्या दोन वड्या. इंडक्शनच्या शेगडीवर जाड बुडाचं पातेलं. लोणी वितळलं, फेस आला, तडतड सुरू झाली, वास अगदी घरचा. वंदनाने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "खारट." वेष्टन कचऱ्यातून काढून वाचलं: 'दमी-सेल', म्हणजे मिठाचं. बिनमिठाचं हवं असेल तर 'दू' लिहिलेलं घ्यायचं. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून कढवत राहिलो, आणि गंमत अशी झाली की तूप खारट झालं नाही. मीठ तुपात विरघळत नाही, सगळं खाली बेरीत जाऊन बसलं. वरून अलगद ओतून घेतलं, एक पिवळीधमक वाटी निघाली. गरम भात, मूगडाळीचं वरण, ते तूप. बेरी मात्र इतकी खारट की साखर घालूनही खाववेना. ती दुसऱ्या दिवशी भाजणीत घातली, मीठ वेगळं लागलं नाही.

१० मे, शुक्रवार

पेश मेर्ल. ही गुहा मूळची आणि अजून खुली आहे, म्हणून दिवसाला ७०० जणांनाच सोडतात. आधी बुकिंग करा. १९२२ साली दोन मुलांना सापडली. लास्कोची नक्कल बघून झाल्यावर इथल्या ठिपक्यांच्या घोड्यांसमोर उभं राहिलं की भिंत खरी आहे एवढ्यानेच पोटात काहीतरी होतं. सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे. उजव्या घोड्याचं डोकं दगडाच्या नैसर्गिक कडेलाच जुळवून घेतलंय. आणि पुढे ओल्या मातीत उमटून कडक झालेली एका पोराची पावलं. वंदना म्हणाली, "चिखलात जाऊ नको म्हटलं असेल आईने."

परत येताना रस्ता मोकळा, पाऊस थांबलेला. आज दोघींनीही दाराला हात मारला नाही. आम्ही याचा आनंद मानला, त्याची किंमत शेवटच्या नोंदीत आहे.

११ मे, शनिवार

सार्लाचा मोठा बाजार शनिवारी भरतो, आणि शनिवार हाच घर सोडायचा दिवस. जमलं तर शुक्रवार ते शुक्रवारचं घर शोधा. आम्ही बाजाराच्या बाहेरून टोपल्या बघत गेलो.

ए ८९ महामार्गाने बोर्दो. टोलनाक्यावर नारिंगी 'टी' ची रांग फास्टॅगसारख्या यंत्रवाल्यांची, तिथे घुसू नका. हिरव्या बाणाच्या रांगेत कार्ड चालतं. मी मशीनपासून इतकी लांब थांबले की तिकीट घ्यायला उतरावं लागलं.

गाडी परत देताना ओरखडा आम्हीच दाखवला. आरशाचं कवच आणि दाराचा रंग मिळून ३१० युरो डिपॉझिटमधून. १३३ युरोचा विमा नाकारल्याचं फळ. घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढला होता म्हणून मागच्या बंपरवरचा जुना डाग आमच्या नावावर पडला नाही. एवढं एकच काम पहिल्या दिवशी नीट झालं होतं.

एकूण ८१२ किलोमीटर, पेट्रोल ४७ लिटर, ८८ युरो. गाडीचं भाडं २६८, दुसरी चालक ८४.

५ जुलै. नाशिक

२० मेच्या लोकसभेच्या मतदानाआधी परतलो होतो, प्रकल्प संपला असं समजत होतो. काल वंदनाकडे टपालाने दोन पाकिटं आली. मुख्य चालक ती, म्हणून पत्ता तिचा. एक निळ्या पट्ट्याचे ३५ युरो. दुसरं वेगाचं: १० मे, दुपारी ३.१४, ८० च्या रस्त्यावर ८८. यंत्राच्या चुकीचे ५ वजा करून ८३ धरलेत. दंड ६८, लवकर भरला तर ४५. त्याआधीच तिच्या कार्डावर भाड्याच्या कंपनीचे ३६ युरो दोनदा पडले होते, आमचं नाव-पत्ता सरकारला कळवल्याची फी. ते कशाचे हे आता कळलं. आरसा धरून चुकांचा आकडा ४६२ युरो, म्हणजे ४१,५८० रुपये.

दंड सरकारी साइटवर कार्डाने दहा मिनिटांत भरला. त्यापूर्वी तासभर भांडण झालं. वंदना म्हणे पेश मेर्लहून मी चालवत होते, मी म्हणे ती. शेवटी तिच्या फोनमधले त्या दुपारचे फोटो काढले. ३.११ ला तिने चालत्या गाडीतून अक्रोडाच्या बागेचा फोटो घेतलाय. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात स्टिअरिंगवर एक हात आहे, हिरव्या बांगड्या घातलेला. ती बांगड्या घालत नाही.

४५ युरो मी दिले.